हौसेला मोल

‘हौसेला मोल नाही’ असं आपण अगदी सहज म्हणून जातो. लग्नकार्यात चार पैसे जास्त गेले, मुलाच्या बारशाला गावजेवण घातलं, की ही म्हण ओठांवर येते. पण वाचकहो, हौसेला मोल असतं. ते कुणाला तरी चुकवावं लागतं, एवढंच. खेळाच्या मैदानावर ते कुणी चुकवलं आणि कसं चुकवलं, याची एक हकिगत आज आपणांस सांगायची आहे. ही हकिगत आपल्या कृष्णाकाठची आहे. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतली.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. इंग्रजीत ज्याला ‘अमॅच्युअर’ म्हणतात त्याला आपण ‘हौशी’ खेळाडू म्हणतो. आणि ‘प्रोफेशनल’ला आज ‘व्यावसायिक’ म्हणतो. पण आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीत या दुसऱ्यासाठी सर्रास वापरात होता तो शब्द ‘धंदेवाईक’. त्या शब्दात काय तिरस्कार भरलेला असे, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. धंदेवाईक साक्षीदार, तसाच धंदेवाईक खेळाडू! खेळून पैसे घ्यायचे म्हणजे काहीतरी कमीपणाचं, असा त्याचा भाव. आज सांगलीतला एखादा दहा वर्षांचा मुलगा पाठीवर रॅकेटची पिशवी अडकवून टेनिसच्या कोर्टाकडे निघतो आणि ‘मला प्रोफेशनल व्हायचंय’ असं ऐटीत सांगतो, तेव्हा त्याच्या आईबापांना अभिमान वाटतो. हा पालट केव्हा झाला, आणि तो होण्याआधी जे खेळले त्यांचं काय झालं?

आपल्या हकिगतीतला पहिला खेळाडू म्हणजे नंदू नाटेकर. त्यांचा जन्म १२ मे १९३३ चा, सांगलीचा. त्या वेळी सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, आणि १९४९ साली जो नवा जिल्हा तयार झाला त्याचं नाव ठेवण्यात आलं ‘दक्षिण सातारा’. ‘सांगली जिल्हा’ हे नाव मिळायला १९६० साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्या वर्षांत नाटेकर नावारूपाला आले, त्या वर्षांत त्यांची जन्मभूमी सरकारी कागदोपत्री साताऱ्याच्याच नावानं ओळखली जात होती.

नाटेकर म्हटलं की आपणांस बॅडमिंटन आठवतं. पण त्यांच्या हाती आधी होती ती टेनिसची रॅकेट. हौसेनं चार दिवस खेळले असंही नव्हे. १९५१-५२ च्या सुमारास ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ते थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. तिथं समोर उभा होता मद्रासकडचा एक कोवळा मुलगा, नाटेकरांपेक्षा जवळजवळ चार वर्षांनी लहान. त्या मुलानं नाटेकरांना हरवलं. त्याचं नाव रामनाथन कृष्णन. पुढं १९५४ साली विम्बल्डनचं मुलांचं विजेतेपद त्यानंच मिळवलं, आणि १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

चार वर्षांनी लहान असलेल्या मुलाकडून हार खाल्ल्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या मनाला काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. नाटेकरांनी टेनिस सोडलं आणि ते बॅडमिंटनकडे वळले. रॅकेट वजनाला हलकी झाली, चेंडूच्या जागी सोळा पिसांचं फूल आलं. टेनिसमध्ये चेंडू टप्पा घेऊन येतो, खेळाडूला क्षणभराची उसंत मिळते. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागलं की गुण गेला; जे करायचं ते हवेतल्या हवेत, मनगटाच्या झटक्यानं करायचं. हा खेळ नाटेकरांना असा काही मानवला की विसाव्या वर्षी, १९५३ साली, ते राष्ट्रीय विजेते झाले!

आणि हा खेळ तरी आपल्याला परका कुठं आहे? बॅडमिंटनचे आरंभीचे नियम पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवले, आणि काही काळ या खेळाला ‘पूना’ हेच नाव होतं.

नाटेकरांची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी सहा वेळा मिळवलं: १९५३, १९५४, १९५८, १९६०, १९६१ आणि १९६५ साली. दुहेरीचं सहा वेळा आणि मिश्र दुहेरीचं पाच वेळा. एकूण सतरा. १९५४ साली ते इंग्लंडातल्या ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. त्या काळी बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नव्हती. ऑल इंग्लंड हीच जगाची कसोटी मानली जाई. मग आलं १९५६ साल. मलाया अजून स्वतंत्र व्हायचा होता. तिथं क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि ती नाटेकरांनी जिंकली. परदेशातलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू म्हणून त्यांची नोंद झाली. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकाच्या सामन्यांत त्यांनी भारतासाठी सोळा एकेरी लढती खेळल्या आणि त्यांतल्या बारा जिंकल्या. संघाचं नेतृत्वही केलं. १९६१ साली सरकारनं अर्जुन पुरस्कार सुरू केले, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांना मिळाला.

आता आपण विचाराल, एवढं सगळं जिंकल्यावर हातात पैसे किती आले? खेळातून, नियमाप्रमाणे, काही नाही. चषक, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातला फोटो, आणि लोकांचं प्रेम. बॅडमिंटनमध्ये उघडपणे रोख बक्षिसं घ्यायला मोकळीक मिळाली ती १९८० च्या सुमारास. तोवर नाटेकरांचे खेळायचे दिवस केव्हाच सरले होते.

हा नियम आला कुठून? तो आला इंग्लंडातून. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुखवस्तू मंडळींनी ठरवलं की खेळावं ते केवळ खेळासाठी; पैसा घेतला की खेळ विटाळतो. ऐकायला हे उदात्त वाटतं. पण त्यात एक मेख होती. ज्याच्या घरी इस्टेट आहे त्याला वर्षभर हौसेनं खेळता येतं. ज्याला रोज कामावर जायचं आहे त्यानं काय करावं? ऑलिंपिकनंही हाच दंडक उचलला, आणि तो किती कठोरपणे पाळला जाई ते पाहा. १९१२ साली स्टॉकहोमला जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूनं दोन सुवर्णपदकं जिंकली. त्यानं पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते असं उघडकीस येताच दोन्ही पदकं काढून घेण्यात आली.

टेनिसमध्ये तर याची मोठीच गंमत झाली. विम्बल्डन, डेव्हिस चषक हे सारे हौशी खेळाडूंचे. पैसे घेऊन खेळायचं असेल तर जॅक क्रेमर या अमेरिकन खेळाडूनं चालवलेल्या धंदेवाईक मंडळीत जायचं; आणि एकदा तिकडे गेलं की विम्बल्डनचं दार बंद, देशासाठी डेव्हिस चषक खेळणंही बंद. १९५९ साली क्रेमरनं कृष्णनला तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर देऊ केले. त्या काळचे दीड लाख डॉलर! कृष्णननं नकार दिला, आणि १९६६ साली तोच कृष्णन भारताला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीपर्यंत घेऊन गेला. नाटेकरांना हरवणारा मुलगाही शेवटी नाटेकरांसारखाच हौशी राहिला.

पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला ही पैशाची शिवाशिव कधी कळली होती का? मला नाही वाटत. आपल्याकडे यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. हलगी कडाडते. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, थोरांच्या नारळावर, आणि पुढं इनामाच्या, शेवटची मानाची. इनाम घेण्यात पैलवानाला कधी लाज वाटली नाही आणि देण्यात गावाला कधी उपकार केल्यासारखं वाटलं नाही. खुराकाला दूध, तूप, बदाम लागतात, हे कुणबी माणसाला सांगावं लागत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पोसले, त्यांच्यासाठी खासबागेचं मैदान बांधलं. सांगलीतच जन्मलेले विजय हजारे, ज्यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये भारतानं मद्रासला इंग्लंडवर पहिला कसोटी विजय मिळवला, त्यांनाही बडोद्याच्या दरबाराचा आश्रय होता. खेळाडूला कुणीतरी सांभाळावं लागतं ही जाणीव आपल्या मातीत होती. अडचण झाली ती संस्थानं गेली तेव्हा. जुना आश्रय गेला, आणि नव्या व्यवस्थेत मिळकतीवर बंदी.

या दोहोंच्या कात्रीत सापडलेला माणूस म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. जन्म १५ जानेवारी १९२६. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि मग कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा गडी मॅटवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा अडलं ते पैशापाशी. गावानं वर्गणी केली, ओळखीच्यांनी हातभार लावला, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकानं विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवायचं! हौसेचं मोल चुकवणारी माणसं ती ही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना पाणी पाजलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ती कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता; पण खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं करण्यात आलं. त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं आपला एकही जबाबदार अधिकारी हजर नव्हता. समोर होता सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव्ह. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

त्या दोघांची तुलना करून पाहा. सोव्हिएत संघ १९५२ साली प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. तिथले खेळाडूही कागदावर ‘हौशी’च होते. कुणाचं नाव सैन्यात, कुणाचं कारखान्यात. पगार तिथून मिळे, आणि काम मात्र खेळण्याचं. खर्च सारा सरकारचा. गोळेश्वरच्या हौशी पैलवानामागे होतं एक गहाण पडलेलं घर. नियम दोघांनाही एकच लागू होता, बरं का.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत एकशे एक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, फेटा उतरला, आणि त्यांना आठवलं ते कर्ज. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः कुस्त्या केल्या, आणि आलेल्या पैशातून खर्डीकरांची रक्कम चुकती केली. ऑलिंपिकचं पदक खिशात असलेला मल्ल देणं फेडण्यासाठी पुन्हा तांबड्या मातीत उतरला. पुढं १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. सत्तावीस वर्षं नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि ऑगस्ट १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

आता पुन्हा टेनिसकडे वळू, कारण जुना नियम मोडला तो तिथंच. १९६८ साली टेनिसच्या स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. हौशी आणि धंदेवाईक एकाच कोर्टावर आले. त्या वर्षी रॉड लेव्हरनं विम्बल्डन जिंकलं आणि बक्षीस म्हणून उघड-उघड दोन हजार पौंड घेतले. कुणाचं काही बिघडलं नाही. विम्बल्डनही विटाळलं नाही.

सोव्हिएत खेळाडूंना मात्र तरीही मोकळीक नव्हती. त्यांची टेनिसची मंडळी आपल्या पुण्यातही येऊन गेली आहेत: १९७४ च्या डेव्हिस चषकात भारतानं पुण्यातच सोव्हिएत संघाला हरवलं होतं. हे खेळाडू जगभर बक्षिसं मिळवत, पण रकमेचा बहुतेक भाग त्यांच्या संघटनेच्या तिजोरीत जाई. १९८९ साली नताशा झ्वेरेव्हा या अठरा वर्षांच्या मुलीनं उघडपणे सांगितलं की मी जिंकलेले पैसे मला हवेत. सगळं जग चकित झालं. दोन वर्षांत सोव्हिएत संघच उरला नाही, आणि १९९२ साली सोचीचा येवगेनी काफेल्निकोव्ह हा तरुण व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. १९९६ साली त्यानं फ्रेंच स्पर्धा जिंकली, १९९९ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकून तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि २००० साली सिडनीला ऑलिंपिकचं सुवर्णपदकही त्यानं मिळवलं. धंदेवाईक खेळाडू आणि ऑलिंपिकचं पदक! जिम थॉर्पच्या काळी असं बोलणंसुद्धा पाप ठरलं असतं. हे घडू शकलं, कारण १९८८ पासून टेनिस पुन्हा ऑलिंपिकमध्ये आलं आणि व्यावसायिक खेळाडूंना सोबत घेऊनच आलं.

आणि इथंच, वाचकहो, आपल्या हकिगतीची दोन टोकं एकमेकांजवळ येतात. नंदू नाटेकरांनी जे टेनिस सोडलं, ते त्यांच्या मुलानं हाती घेतलं. गौरव नाटेकर हे देशाचे नामवंत टेनिसपटू झाले, डेव्हिस चषकात खेळले. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत त्यांनी दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, सांघिकही मिळवलं. दुहेरीतला त्यांचा जोडीदार होता लिअँडर पेस. पुढं दोनच वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या पेसनं एकेरीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. मध्ये गेली होती चव्वेचाळीस वर्षं. खाशाबा कर्ज काढून गेलेले हौशी. पेस खेळावरच पोट असलेला व्यावसायिक.

एवढ्यावरून ‘पैसा आला म्हणून पदकं आली’ असं कुणी म्हणेल, तर ते घाईचं होईल. नाटेकरांनी पैशाशिवाय सतरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि त्यांचा हळुवार, फसवा खेळ पाहिलेली माणसं अजून त्याबद्दल बोलताना हरखून जातात. हौस नसेल तर पैशानं खेळाडू घडत नाही. पण हौशीचं सोवळं पाळण्यापायी किती गुणी मुलं मैदानावर येण्याआधीच शेतावर, गिरणीत, नाहीतर कचेरीत परतली, त्याचा हिशेब कुणी मांडला आहे? नाटेकर आणि खाशाबा आपल्याला दिसले, कारण ते त्यातून निभावून बाहेर पडले.

आज काळ पालटला आहे. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिला २०२३ साली महिलांच्या क्रिकेट लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. ‘लिलाव’ हा शब्द जुन्या कानांना खटकतो खरा. पण मुलीच्या बॅटीला एवढी किंमत यावी, याचा आनंद त्याहून मोठा आहे. तरीही हा पैसा सगळ्या खेळांत सारखा आलेला नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत वजन उचलण्यात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर हाही सांगलीचाच. त्याच्या घरची मिळकत होती ती पानाच्या टपरीची. म्हणजे खर्डीकरांनी जे ओझं उचललं, ते आजही कुठल्यातरी घरातली माणसं मुकाट्यानं उचलत असतात.

नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात वारले. वय अठ्ठ्याऐंशी वर्षांचं होतं. खाशाबांचं नाव दिल्लीतल्या एका मोठ्या क्रीडागृहाला दिलेलं आहे, आणि गोळेश्वरातल्या त्यांच्या घराला ‘ऑलिंपिक निवास’ म्हणतात. आपण कधी कऱ्हाडकडे गेलात तर वाट वाकडी करून ते घर जरूर पाहा. आणि ते पाहताना कोल्हापुरातल्या त्या दुसऱ्या घराचीही आठवण ठेवा, जे एका प्राचार्यानं सात हजार रुपयांसाठी गहाण टाकलं होतं.